डब्यातला उन्हाळा आणि रूममेटची झोप

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे माझं मराठी म्हणजे आजीशी फोनवर बोलण्याइतपत. मराठी विभागाच्या संपादिका माझ्या शेजारच्याच खोलीत राहतात. त्या म्हणाल्या, "त्या डब्याबद्दल तू हॉस्टेलभर सांगत फिरतेस ना, तेच लिहून दे." म्हणून हा लेख. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी तपासलंय, ओहमचा नियम मी तपासलाय. चुका वाटून घेऊ.

तर डबा. सेकंड इयरला असताना मी हॉस्टेलच्या खोलीत वापरायला एक पॉवर सप्लाय बनवला. 18 व्होल्ट, 3 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, एक जाडजूड कपॅसिटर, 723 आयसी आणि जुना भरवशाचा 2एन3055 ट्रान्झिस्टर. नॉब फिरवला की 3 ते 15 व्होल्ट मिळतात. सगळं सामान तपकीर गल्लीतून आणलं आणि पत्र्याचा डबा वर्कशॉपमध्ये वाकवून घेतला. डब्याला झाकण बसलं, रंग लागला, वर माझ्या नावाचा स्टिकरसुद्धा लागला. त्या डब्यात हवा कुठून येणार आणि कुठून जाणार, हा प्रश्न मात्र मला पडला नाही. चार बाजूंनी बंद, नीटनेटका, सुंदर डबा!

माझी रूममेट इन्स्ट्रुमेंटेशनची. तिचं मिनी प्रोजेक्ट म्हणजे एक छोटा रोबोटिक आर्म. त्यात चार सर्व्हो मोटर, कंट्रोलर बोर्ड आणि डिस्प्ले, म्हणजे 5 व्होल्टवर साधारण 2 अँपिअरची भूक. सबमिशनला दोन दिवस राहिले होते. मे महिना, खोलीत 35 अंश. रात्री तिने आर्म माझ्या सप्लायला जोडला आणि आम्ही मेसमध्ये गेलो. परत आलो तर खोलीत तो ओळखीचा वास. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना कुठला ते सांगायला नको. 2एन3055 शॉर्ट झाला होता आणि 5 व्होल्टच्या जागी सरळ 24 व्होल्ट तिच्या बोर्डवर गेले होते. कंट्रोलर, डिस्प्ले, चारही सर्व्हो, सगळं संपलं. शिकवणीच्या मुलांकडून मिळालेल्या पैशांतून तिने ते सामान घेतलं होतं.

ती मला काही बोलली नाही. नुसतं "असू दे" म्हणाली आणि झोपली. मला ते "असू दे" अजून ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी मी माझे पैसे दिले, दोघींनी नाइट मारली आणि आर्म कसाबसा उभा केला. पण त्यानंतर तिने माझ्या डब्याला हात लावला नाही. बोर्डला लॅपटॉपच्या यूएसबीवरून आणि सर्व्होंना बॅटरीवर चालवायची. मी विचारायची, "लावू का सप्लाय?" ती म्हणायची, "नको गं, चाललंय."

आधी करायचं ते गणित, मी नंतर केलं

पॉवर सप्लाय का जळला याचं गणित पाच ओळींचं आहे, आणि डबा बनवायच्या आधी करायचं असतं.

लिनिअर सप्लाय जास्तीचे व्होल्ट स्वतःवर घेतो आणि त्यांची उष्णता करतो. आत 24 व्होल्ट, बाहेर 5. मधले 19 व्होल्ट ट्रान्झिस्टरवर. करंट 2 अँपिअर. म्हणजे 38 वॉट! सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं, हे लक्षात घ्या. मी पत्र्याच्या बंद डब्यात दीड सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून जेवायला गेले होते.

आता ही उष्णता बाहेर कशी जाते? त्यालाही ओहमच्या नियमासारखाच नियम आहे. व्होल्टच्या जागी तापमानातला फरक, करंटच्या जागी वॉट, आणि मध्ये उष्णतेचा रोध. हा रोध 'एका वॉटला किती अंश' असा मोजतात. आतल्या सिलिकॉनपासून खोलीतल्या हवेपर्यंत असे रोध एकामागे एक, सिरीजमध्ये असतात. माझ्या डब्याचा हिशोब असा:

बंद डब्यातली हवा अंदाजे 50 अंश. माझा हीटसिंक नुसत्या उभ्या हवेत वॉटला 1.5 अंश, म्हणजे 38 वॉटला 57. झाले 107. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकच्या मध्ये अभ्रकाचा तुकडा. तो मी कोरडाच लावला होता, म्हणून वॉटला साधारण 1 अंश, म्हणजे 38. झाले 145. ट्रान्झिस्टरच्या कवचापासून आतल्या सिलिकॉनपर्यंत डेटाशीट सांगते 1.52, म्हणजे 58. एकूण 203.

डेटाशीटमध्ये सिलिकॉनची कमाल मर्यादा लिहिलीय 200 अंश.

हे मी कॅन्टीनमध्ये वहीच्या मागच्या पानावर मांडलं आणि चहा तसाच ठेवून बसून राहिले. ट्रान्झिस्टर खराब निघाला असं मी सगळ्यांना सांगत होते. त्या बिचाऱ्याने शेवटपर्यंत काम केलं होतं.

आणि आणखी एक गोष्ट आम्हाला व्हायव्हात कुणी विचारत नाही, पण विचारायला हवी. असा ट्रान्झिस्टर मरतो तेव्हा बहुतेक वेळा उघडा पडत नाही, शॉर्ट होतो. म्हणजे स्वतः मरताना समोरच्यालाही घेऊन जातो.

मग आला वारा, आणि आवाज

गरम चहा आपण बशीत ओतून फुंकतो. बशीत ओतणं म्हणजे हीटसिंक, पृष्ठभाग वाढवणं. फुंकणं म्हणजे फॅन. नुसत्या बशीपेक्षा फुंकलेली बशी किती लवकर गार होते ते माहीतच आहे. तोच हीटसिंक, त्यावर वारा घातला तर वॉटला 1.5 अंशांवरून 0.6 च्या आसपास येतो.

मी जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधला 80 मिलिमीटरचा 12 व्होल्टचा फॅन काढला आणि डब्याच्या मागे लावला. सरळ 12 व्होल्ट. डबा गार! पण त्याचा आवाज, काय सांगू. दिवसा कळत नव्हतं. रात्री साडेअकराला दिवे घालवले की तो फॅन एकटाच बोलत राहायचा. रूममेटने पांघरूण डोक्यावरून घेतलं. तिसऱ्या रात्री म्हणाली, "तुझा डबा घोरतो."

इथे मला आवाजाचं गणित सापडलं आणि ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलं. फॅनचा वेग अर्धा केला तर हवा साधारण अर्धी होते. पण आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण पाचव्या घाताने बदलते. म्हणजे वेग अर्धा केला तर आवाजाची शक्ती बत्तिसाव्या हिश्श्यावर येते, म्हणजेच 15 डेसिबल कमी. थोडक्यात, अर्धी हवा सोडली तर आवाज जवळजवळ सगळाच सुटतो. इतका स्वस्त सौदा इंजिनिअरिंगमध्ये क्वचित मिळतो.

मग अर्धी हवा पुरेल का? हेही मोजता येतं. दर सेकंदाला 1 लिटर हवा डब्यातून गेली तर ती साधारण 1.2 वॉट उष्णता घेते आणि 1 अंशाने तापते. माझ्या डब्यात ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज धरून 50 वॉट. सेकंदाला 5 लिटर हवा गेली तर ती 8 अंशांनी तापून बाहेर पडेल. पाण्याच्या 1 लिटरच्या पाच बाटल्या डोळ्यासमोर आणा, तेवढी हवा. 80 मिलिमीटरचा फॅन अर्ध्या वेगातही एवढं सहज करतो, फक्त त्याची वाट अडवलेली नसावी.

माझ्या डब्यात वाट अडलेली होती. फॅन हवा बाहेर फेकत होता, पण आत यायला पुढे फक्त दहा-बारा भोकं. नियम सोपा आहे: आत येणाऱ्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ निदान फॅनच्या पात्यांच्या जागेएवढं हवं. माझ्या फॅनचं ते साधारण 36 चौरस सेंटिमीटर. 6 मिलिमीटरच्या भोकांनी ते भरायचं तर सव्वाशे भोकं! वर्कशॉपमध्ये एक अख्खी दुपार ड्रिल मारत बसले. वर्कशॉपचे मामा म्हणाले, "पोरी, डबा करतेस का चाळणी?" भोकं पुढच्या बाजूला तळाशी, फॅन मागे वरच्या बाजूला, आणि हीटसिंक बरोबर या दोघांच्या वाटेवर. हवा आळशी असते. तिला शॉर्टकट दिसला तर ती हीटसिंकला वळसा घालून निघून जाते.

फॅनसमोरची पत्र्याची जाळी मी कापून टाकली आणि तारेची गोल जाळी लावली. पात्यांच्या अगदी जवळ भोकांचा पत्रा असला की शिट्टीसारखा आवाज येतो. फॅनच्या चार स्क्रूंखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून घातले. नाहीतर फॅनची थरथर पत्र्यात उतरते आणि अख्खा डबा वाजायला लागतो. एवढ्याने, वेग कमी न करताही, अर्धं घोरणं थांबलं.

आता अक्कल: लागेल तेवढाच वारा

पहिला प्रयत्न मी थर्मोस्टॅटचा केला. हीटसिंक 50 अंशांना गेला की फॅन चालू, 45 ला आला की बंद. मध्ये 5 अंशांचं अंतर ठेवलं, नाहीतर तो सीमेवर तडतडत राहतो. काम उत्तम. पण दर दोन-तीन मिनिटांनी फॅन घूं करून सुरू व्हायचा आणि थांबायचा. रूममेट उठून बसली, "चालू ठेवायचा तर चालू ठेव, बंद तर बंद!" तिचं बरोबर होतं. एकसारख्या आवाजाची कानाला सवय होते, बदलणाऱ्या आवाजाची होत नाही. पावसात झोप लागते, गळक्या नळाने लागत नाही.

म्हणजे फॅन हळूहळू वाढायला हवा. त्यासाठीचं सर्किट एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतकं लहान आहे.

मुख्य कपॅसिटरवरून 7812 लावून स्थिर 12 व्होल्ट काढले (7812 ला छोटा हीटसिंक लावा, तोही तापतो). त्या 12 व्होल्टवरून 10 किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर आणि त्याच्याखाली 2.2 किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. एनटीसी म्हणजे तापला की रोध कमी होणारा. 25 अंशांना 10 किलोओहम असतो, 40 ला साधारण 5.3 आणि 50 ला 3.6. त्यामुळे जोडाच्या जागचे व्होल्ट तापमानाबरोबर वर चढतात. हे व्होल्ट एलएम358 ऑपॅम्पच्या प्लस पायाला द्यायचे. ऑपॅम्पचं आउटपुट बीडी139 ट्रान्झिस्टरच्या बेसला, कलेक्टर 12 व्होल्टला, एमिटरवर फॅन. एमिटरपासून 10 किलोओहमचे दोन रेझिस्टर ग्राउंडपर्यंत, त्यांचा मधला जोड ऑपॅम्पच्या मायनस पायाला. झाला दोनचा गेन. फॅनवर एक उलटा डायोड आणि 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

आता हिशोब बघा. हीटसिंक 25 अंशांवर असताना फॅनला 4.3 व्होल्ट, माझा फॅन तेवढ्यावर फिरत नाही, म्हणजे पूर्ण शांतता. 35 ला 6 व्होल्ट, हळूच सुरू होतो. 40 ला 7, 50 ला 9. त्यापुढे सुमारे 10 वर थांबतो, कारण एलएम358 12 व्होल्टच्या सप्लायवर त्याच्या वर फारसं देऊ शकत नाही. मला ते हवंच होतं. फॅन पूर्ण वेगाने कधीच ओरडत नाही. प्रत्येक फॅन वेगळा असतो, तेव्हा तुमचा किती व्होल्टला सुरू होतो ते आधी नॉब फिरवून बघा, आणि मग 2.2 चा रेझिस्टर थोडा मोठा किंवा लहान करा. मोठा केला की फॅन लवकर सुरू होतो.

काही जण म्हणतील, पीडब्ल्यूएम का नाही? दोन वायरींच्या साध्या फॅनला पीडब्ल्यूएम दिलं तर कमी फ्रिक्वेन्सीला तो टिकटिकतो आणि वाढवली तर किंचाळतो. इथे वाया जाणारी पॉवर अर्ध्या वॉटच्या आसपास आहे. शांततेसाठी एवढं द्यायला हरकत नाही.

थर्मिस्टर कुठे लावायचा हे सर्किटपेक्षा महत्त्वाचं. मी आधी डब्यातल्या हवेत लोंबता ठेवला होता. हवा गार असताना ट्रान्झिस्टर तापून जातो आणि थर्मिस्टरला पत्ताच नसतो. ताप आलेल्या माणसाच्या खोलीचं तापमान घेण्यासारखं आहे ते. थर्मिस्टर हीटसिंकवर, ट्रान्झिस्टरच्या अगदी शेजारी, पायांना स्लीव्ह घालून एम-सीलने चिकटवा. आणि अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना थर्मल पेस्ट, अगदी पातळ. त्याने 1 चे 0.4 अंश होतात.

आणि सगळं फसलं तर?

हे मी आधीच्या वेळी विचारलं नव्हतं, या वेळी विचारलं. समजा थर्मिस्टरची वायर तुटली. तर खालचा रेझिस्टर व्होल्ट शून्यावर ओढेल आणि फॅन थांबेल. म्हणजे माझं हुशार सर्किट नेमकं चुकीच्या बाजूला पडतं! शिवाय फॅनमध्ये धूळ जाऊन तो अडकू शकतो.

म्हणून हीटसिंकवर एक बायमेटल स्विच लावला, 80 अंशांना उघडणारा, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या सिरीजमध्ये. त्याला ना आयसी लागतो ना प्रोग्रॅम. तापला की वाकतो आणि वीज तोडतो. त्याची वायरिंग 230 व्होल्टची आहे, तेव्हा प्लग काढून, स्लीव्ह घालून, डब्याला अर्थिंग करूनच करा आणि लॅब असिस्टंट सरांना दाखवल्याशिवाय चालू करू नका. मी दाखवलं. सरांनी अर्थिंगचा स्क्रू दोनदा ओढून बघितला.

शेवटची गोष्ट रूममेटसाठी. 5 व्होल्टच्या वायरीतच एक बोटभर पट्टी बसवली: एक फ्यूज, एक एससीआर आणि 5.6 व्होल्टचा झेनर. व्होल्ट साडेसहाच्या आसपास गेले की एससीआर वायर शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. बोर्ड वाचतो, नुकसान एका फ्यूजचं. तिच्यासमोर नॉब वर नेऊन दाखवलं. फ्यूज उडाला. ती म्हणाली, "परत कर." तीन फ्यूज उडवले.

नंतर मोजमाप घेतलं. खोलीत 34 अंश, 5 व्होल्ट, 2 अँपिअर, एक तास: हीटसिंक 60 च्या आत राहिला. त्यावर पेस्टचे 15 आणि आतले 58 धरले तर सिलिकॉन 133. आधीच्या 203 पेक्षा 70 अंश कमी, तोच ट्रान्झिस्टर, तोच हीटसिंक. अर्धा अँपिअर घेतला तर हीटसिंक 43 आणि फॅन साडेसात व्होल्टवर, म्हणजे कुजबुज.

पण उन्हाळ्यात छताचा पंखा चालू असतो, त्यात काहीही लपतं. खरी परीक्षा डिसेंबरमध्ये झाली. छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, बाहेर गारठा. मी रात्री एक वाजता सर्किट तपासत होते. फॅन आहे की नाही हे बघायला मला मागे हात धरावा लागला.

गेल्या आठवड्यात मी लेक्चरवरून आले तर टेबलावर माझा डबा चालू. त्याला तिचा नवा आर्म जोडलेला, आणि ती खुर्चीत डोकं टेकून गाढ झोपलेली. मला न विचारता जोडला होता. मी हीटसिंकचं तापमान बघितलं, 41. मग दिवा घालवला.

तर मंडळी, कुणाच्या खोलीत एखादा बंद डबा तापत असेल तर घेऊन या. आधी गणित करू, मग भोकं पाडू. चहा तुमचा, अभ्रक आणि पेस्ट माझी.